सोन्याचे कण आणि दाराची कडी

सांगली, ४ मे १९९७

तीर्थस्वरूप राजमतीअक्कास धाकट्या धरणेंद्रचा जय जिनेंद्र आणि नमस्कार. आम्ही इकडे खुशाल. तुझे गुडघे कसे आहेत? साताऱ्यातले चढ रोज चढू नकोस (चढणारच आहेस, तरी लिहितो).

'सुंदरी जीव मारायच्या धंद्यात शिरली, आता तुमच्या घरचं पाणी नको,' हे तुझं पत्र वाचून ही दिवसभर जेवली नाही. अक्का, पोरगी मारत नाही गं. मिरजेच्या प्रयोगशाळेत ती सोन्याचे कण करते, डोळ्यांना मुळीच न दिसणारे. ते पाण्यात असले की पाणी लाल दिसतं. (पेठेत मी 'मुलगी सोन्यात काम करते' एवढंच बोललो, तर दुसऱ्या दिवशी दोन सोनार चहाला हजर.) रोगाचा विषाणू आपल्या पेशीची कडी वाजवतो आणि ती फसून दार उघडते. हे कण त्याला चिकटले की त्याचे हात भरतात, कडी वाजत नाही, तो बाहेरच राहतो. पाणी गाळून फडक्यातले जीव परत विहिरीत सोडायला तिला कोणी शिकवलं? तूच ना?

मला हे इतकं पटलं की रविवारी गल्ली जमवून दारातच प्रयोग केला. हिचा भाऊ अरिहंत विषाणू, आमचं घर पेशी. त्याच्या दोन्ही हातांत नारळ दिले आणि दार लावलं. त्यानं कपाळानं कडी वाजवून पाहिली, जमेना. माझी छाती फुगली. तेवढ्यात हिनं खिडकीतून पाहून दार उघडलं. म्हणे, "आवं, भाऊ नारळ घिऊन आलाय, दार उघडू न्हाई व्हय?"

गल्ली तासभर हसली. सुंदरी मात्र म्हणाली, "आप्पा, आसंबी हुतंय. काई पेशी कणासकट त्याला आपणच आत घेत्यात. का घेत्यात, तेच मला शोधायचंय." त्याच शोधासाठी तिला बंगळूरला बोलावलंय. अक्का, मला पोरीचा फार अभिमान वाटतो, तो कुठं ठेवू कळत नाही.

तुझा,
धरणेंद्र

ता.क. आत्याच्या हातचा नारळ घेतल्याशिवाय जाणार नाही म्हणते. हट्टात तुझ्यावर गेलीय.

आणखी ता.क. तिच्या बंगळूरला जाण्याला तू होकार दिलास असं मी पेठेत सांगून टाकलंय.

शेवटचा ता.क. शनिवारी सकाळी तिला घेऊन येतोय. नारळ मीच आणतोय, दोन्ही हातांत. कडी वाजणार नाही. दार तू आपणहून उघड.