वैरागच्या माणसाची काच

सर, तुमच्याशी भांडायचं राहून गेलंय. तुम्ही जाऊन जमाना झाला, मीही कधीच निवृत्त झाले, तरी चहा पिताना समोर येऊन बसता. नुसते बसता.

ती शुक्रवार पेठेतली विणकर बाई आठवते? बहात्तरच्या दुष्काळानंतरचं साल असेल, मी नुकतीच पॅथॉलॉजीत तुमच्या हाताखाली आले होते. तिच्या जिभेच्या कडेला कडक जखम, काही केल्या भरत नव्हती. सर्जननी तुकडा काढून पाठवला. मी त्याची काच मायक्रोस्कोपखाली ठेवली, डोळा लावला आणि हादरलेच. मोठ्या, वेड्यावाकड्या पेशी, पार स्नायूत घुसलेल्या. "सर, लिम्फोमा. कॅन्सरच आहे," मी ऐटीत म्हणाले. तुम्ही बघितलंत, परत बघितलंत. "मग ह्या लाल दाण्यांच्या पेशी एवढ्या कशाला जमल्यात गं? लग्नाला आल्यात?" अस्सा राग आला होता मला! तुम्ही मला घेऊन थेट वॉर्डात गेलात.

बाई रडकुंडीला आलेली. "जीभ कापनार का ओ डॉक्टर? मग लेकरांवर वरडायचं कशानं?" तुम्ही हसत तिच्या तोंडात बोट घातलंत आणि झटक्यात बाहेर काढलंत. जिभेलगतचा एक दात तुटून पात्यासारखा झालेला. "सूत दातानं तोडता काय?" "तोडायचंच की! दर गाठीला कात्री कुटं हुडकत बसू?" तो दात रोज जिभेला घासत होता, बास, एवढंच. त्या घासण्यानंच लाल पेशी जमल्या होत्या आणि बाकीच्या वेड्यावाकड्या झाल्या होत्या; कॅन्सर नव्हताच. बाहेर आल्यावर तुम्ही माझ्यावर उखडलात. "नुसती काच बघून निकाल देतेस? तोंड कोण बघणार, तुझा बाप?"

दात घासून गुळगुळीत केला आणि आपण थांबलो. काही आठवड्यांनी बाई शेंगाचटणी घेऊन हजर, जीभ लेकराच्या जिभेसारखी स्वच्छ. मी नाचायचीच बाकी होते. तुम्ही मात्र चटणी न चाखताच खोलीत निघून गेलात.

दुसऱ्या दिवशी तुम्ही जुन्या काचांतून एक काढलीत. वैरागच्या बाजारात तराजू धरणारा माणूस. जखम तशीच, जिभेवरच. मी यायच्या आधी तुम्ही त्याला लिम्फोमा लिहिला होता. मुंबईला विजेचे शेक, म्हणजे रेडिएशन, घेऊन तो तोंड भाजून परत आला, पाणीसुद्धा गिळेना, आणि गेला. "बायको माझ्या पाया पडून गेली गं. तुमी लई केलंत म्हणाली. आणि मी त्याच्या तोंडात बोटसुद्धा घातलं नव्हतं," तुम्ही म्हणालात. "आता तू बघ. सांग."

मी बघितलं. लाल पेशी तिथंही होत्या. थोड्या म्हणाव्यात की पुष्कळ, मला ठरवता येईना. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होतात. "कॅन्सरच होता, सर," मी म्हणाले. "नक्की?" "नक्की." तुम्ही मान हलवलीत. पुन्हा तो विषय कधी काढला नाहीत, आणि पुढच्याच वर्षी गेलात.

आता नवे रंग निघालेत, सर. पेशी कुठल्या जातीची, कॅन्सरची की नुसत्या जखमेची, ते सांगून टाकतात. आपली खोली मोडली तेव्हा त्या माणसाच्या जिभेचा तुकडा जपलेली मेणाची वडी मी घरी आणली होती. माझ्या हाताखाली शिकलेली एक मुलगी लॅब चालवते. कितीदा म्हणाली, "मॅडम, द्या, आठवड्यात सांगते." मी वडी पर्समध्ये घालून जाते, गप्पा मारते आणि तशीच परत येते.

कालही गेले होते. दिली नाही.