बँकेचा जावई

५ नोव्हेंबर

पगार आला आणि तासाभरात गेलाही. जावईबापूंनी नेहमीप्रमाणे जेवणाआधी खुर्चीत ताठ बसून मोबाईलवर अंगठा दाबला. घराचा हप्ता गेला तो गेलाच, त्यावर हा दर महिन्याचा वरचा भरणा. कर्ज लवकर फिटावं म्हणून! 'भरले,' म्हणाले. आवाज असा, जणू गड सर करून आलेत.

मग तो सोहळा. फ्रिजवर आमच्या इमारतीचं चित्र चिकटवलंय, खिडक्याच खिडक्या. वरचा भरणा झाला की नात एक खिडकी पिवळी रंगवते आणि सगळ्यांनी उभं राहून बघायचं. गुडघे कुरकुरत असले तरी मीही उभा. सगळ्या खिडक्या पिवळ्या झाल्या की घर आपलं. तोवर घर बँकेचं आणि हा गृहस्थही बँकेचाच. माझा जावई म्हणून केला होता, निघाला बँकेचा जावई.

ज्या फ्रिजवर ते चित्र आहे त्याचं दार सुतळीने बांधलेलं आहे. त्याचं कुणाला काही नाही.

एकटा कमावता आहे, कबूल. नात झाली, लेकीने नोकरी सोडली, तेही कबूल. पण गाय एकच, आणि धार काढली की हंडा आधी सावकाराच्या दारात — ही कुठली रीत?

चहा पिताना लेकीने गालावर हात धरला. 'काही नाही, बाबा.' तिची आईसुद्धा 'काही नाही' म्हणायची तेव्हा नेमकं काहीतरी असायचं.

९ नोव्हेंबर

साबणाच्या उरलेल्या चिपट्या एकमेकींवर दाबून नवा साबण झालाय. तिरंगी. अंगाला लावावा की काचेच्या कपाटात ठेवावा?

१३ नोव्हेंबर

लेकीला दातांच्या डॉक्टरणीकडे घेऊन गेलो. म्हणजे तीच मला घेऊन गेली — रस्ता ओलांडताना हात तिने धरला होता. उजवीकडची दाढ आतून किडली आहे. नस साफ करायची, वर टोपी बसवायची. खर्च ऐकून मी खुर्चीचा हात धरला, दाढ माझी नसताना. डॉक्टरीण म्हणाली, 'अंगावर काढू नका. पू झाला तर दाढ जाईल, वर जबडाही धरेल.'

रात्री त्या दोघांच्या खोलीचं दार बंद. आत कुजबुज, मग जरा चढलेला आवाज. सकाळी काय ते कळेलच. मला आत्ताच माहीत आहे.

१४ नोव्हेंबर

'पुढच्या महिन्यात बघू, बाबा. आमचं ठरलंय.' लेक म्हणाली. दाढेखाली लवंग धरलेली, त्यामुळे शब्द बोबडे.

'आमचं' म्हणे! कवडीचुंबकाने ठरवायचं आणि हिने 'आमचं' म्हणायचं. तो समोरच बसला होता. मान खाली, पावाचे तुकडे चहात बुडवत. माझ्याकडे बघायची छाती झाली नाही.

मी म्हटलं, माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे पैसे ठेवलेत त्यातून करू. ती चिडली. 'ते डोळ्याचे आहेत. त्यांना हात लावलात तर मी बोलणार नाही तुमच्याशी.' मग माझी समजूत काढायला जवळ बसली आणि जुन्या गोष्टी निघाल्या. 'बाबा, किती खोल्या बदलल्या आपण! आणि दर वेळी भिंतीवरचं घड्याळ माझ्या मांडीवर.' मला हसू आलं. खरंच, सायकलच्या कॅरियरवर बसायची, मांडीत घड्याळ, वाटेतही टिकटिक चालू. नव्या खोलीत पाऊल टाकलं की पहिला प्रश्न — 'इथून कधी उठायचं?' इतकंसं तोंड आणि प्रश्न घरमालकाला शोभणारा. मालकही एकेक नग होते. एकाला नळ जास्त वेळ वाहिलेला चालायचा नाही, एकाला आमचा खोकलाही.

हसलो खरं. पण लवंगेने दाढ बरी होत नाही.

१९ नोव्हेंबर

सायकल विकली!

लग्नात मी त्याला दिलेली. विकत आणलेली नव्हे. माझं सायकलचं दुकान होतं तेव्हा एकेक भाग निवडून, दोन्ही चाकांच्या तारा स्वतः ताणून, रात्ररात्र जागून उभी केलेली. तेल घातलं की पाण्यासारखी पळायची. तिच्यावरून कामाला जायचा तो. संध्याकाळी पायी आला, घामाघूम. मी विचारलं, 'पंक्चर?' म्हणाला, 'नाही बाबा. दिली एकाला. चांगले आले.'

चांगले आले. सासऱ्याच्या हातांचे चांगले आले.

मी जेवलो नाही. पोट बरं नाही म्हणालो. कुणाच्या गळी उतरलं नाही, पण कुणी आग्रहही केला नाही. तेवढाच एक घास वाचला, तोही बँकेत भरा म्हणावं.

२४ नोव्हेंबर

फिरून आलो तर फ्रिजवर नवी खिडकी पिवळी. महिना अर्ध्यावरून पुढे गेलेला, पगार नाही काही नाही, आणि खिडकी! नातीला विचारलं, कुणी रंगवली गं? 'आईने.' स्वतःला लाज वाटली असेल, म्हणून बायकोच्या हाती पेन्सिल दिली.

म्हणजे माझी सायकल त्या खिडकीत गेली. ठीक. दाढ दुखतेय ती दुखू दे, खिडकी महत्त्वाची. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, ही म्हण मी लहानपणी ऐकली होती. ती चालतीबोलती होऊन माझ्या समोर जेवायला बसते हे म्हातारपणी कळलं.

२७ नोव्हेंबर

खालच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर जिन्यात भेटले. 'नशीबवान आहात. एका पगारात घर लवकर फेडतोय, व्यसन नाही, उधळपट्टी नाही. असा जावई दिवा घेऊन शोधावा लागतो.' मी म्हटलं, 'दिवा घेऊन या म्हणजे झालं. आमच्या गॅलरीतला बल्ब त्याने काढून ठेवलाय.' मास्तरांना विनोद वाटला.

हल्ली त्याचे केसही घरीच कापले जातात. मागून बघितलं तर शेळीने चरून सोडल्यासारखा दिसतो. आणि पायी जाऊन पैसे वाचवतो, बुटांचे तळ झिजवतो. उंटावरचा शहाणा, फक्त उंट विकून पायी चाललेला.

२ डिसेंबर

पगार नाही. 'आठवड्यात करतो' असं कामावरच्या मालकाने सांगितलंय म्हणे. लेक एका बाजूने चावते, तेही अर्धंच. सूप पिते आणि पोट भरलं म्हणते.

५ डिसेंबर

आज हप्त्याचा दिवस, आणि पगाराचा अजून पत्ता नाही. घरात शिल्लक म्हणाल तर डब्यातली चिल्लर. बाकी सगळं भिंतींत गेलंय. भिंत चाटून कुणाचं पोट भरत नाही.

लेक मात्र निवांत. 'घाबरायचं काय त्यात? इतकी वर्षं आपण पुढचे भरून ठेवलेत. एक महिना ते चालतील.' जावईबापूही मान डोलवत होते. म्हणाले, बँकेत जाऊन नुसतं सांगून येतो. मीही गेलो. म्हटलं, बघू तरी यांचं सासर.

काउंटरवरच्या बाई गोड बोलल्या. 'साहेब, तुमचे जास्तीचे पैसे मूळ कर्जातून वजा झालेत. त्यामुळे मुदत कमी झाली. या महिन्याचा हप्ता या महिन्यातच भरायचा. उशीर झाला तर दंड.'

'पण आम्ही पुढचे भरलेत,' जावई म्हणाला.

'पुढचे नाही, शेवटचे भरलेत.'

मी मध्येच विचारलं, 'म्हणजे कसं, बाई?' त्या म्हणाल्या, 'आजोबा, जिन्याच्या वरच्या पायऱ्या कमी झाल्यात. खालच्या आहेत तेवढ्या आहेत. चढायला लागणारच.'

वा! आम्ही समजत होतो घरात धान्याची कोठी भरून ठेवलीय. निघाली दुसऱ्याच्या गावची कोठी. अडीनडीला मूठभरसुद्धा हाती लागत नाही. बसा आता पिवळ्या खिडक्या मोजत.

बाहेर पायरीवर तो मटकन बसला. कान लाल. म्हटलं, आता तरी शहाणे व्हा. तर म्हणतो काय — 'बाबा, हिला सांगू नका हे. बँकवाल्यांनी सवलत दिली म्हणून सांगू.' शाबास! बायकोपुढे नाक वर राहिलं पाहिजे, मग दाढ गेली तरी चालेल.

मी हो म्हणालो. बायको त्याची असली तरी लेक माझी आहे. आजारी पोरीपुढे तमाशा नको.

११ डिसेंबर

पगार झाला. हप्ता गेला, वर दंडही. वरचा भरणा नाही, खिडकी नाही. नात पेन्सिल घेऊन उगीच घुटमळली. लेक रात्रभर उठबस करत होती, स्वयंपाकघरात मिठाच्या गुळण्यांचा आवाज.

१५ डिसेंबर

सकाळी लेकीचा गाल लिंबाएवढा सुजलेला. अंगात कणकण. तरी उठून डबा करत होती! जावई तिच्या मागे मागे, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत. तिने हात झटकला. 'झाला ना तुमचा डबा? निघा.' तो निघाला. गेलाच की! बायकोचा गाल असा असताना पाय उचलले कसे त्याचे?

बस झालं. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. इथे माझ्या लेकीची दाढ कोरून खिडक्या भरताहेत. उद्या सकाळी मोतीबिंदूचे पैसे घेऊन डॉक्टरणीकडे जातो आणि सगळे भरून टाकतो. डोळ्याला अजून दिसतंय तेवढं पुरे. जे बघायचं ते स्पष्ट दिसतंय मला. संध्याकाळी पावती जावईबापूंच्या ताटाशेजारी ठेवणार. वाढा म्हणावं बँकेला!

१६ डिसेंबर

दवाखान्यात टेबलापाशी बसणारी मुलगी म्हणाली, 'आजोबा, तुमचे जावई गेल्या महिन्यात सगळे पैसे आगाऊ भरून गेले होते. सायकल विकून आणलेत म्हणाले. मग ताई आल्या आणि परत घेऊन गेल्या. दुखायचं थांबलं म्हणाल्या. काल ते पुन्हा आले होते, हप्त्याने चालेल का विचारायला. कामावर जायच्या आधी.'

कॅरियरवर घड्याळ मांडीत घेऊन बसलेली पोरगी. इतके दिवस मी दुसऱ्यालाच शिव्या देत होतो.

पैसे तिथेच ठेवले. म्हटलं, ताई परत मागायला आली तर सांगा, म्हाताऱ्याने पावती खाल्ली. उद्याची वेळ घेतलीय.

'पुढचे नाही, शेवटचे भरलेत' हे बँकेच्या बाईंचं बोलणं घरी येईपर्यंत ओठावर होतं. लेकीने दार उघडलं, गाल धरून हसली. गिळलं.

संध्याकाळी तो पायी आला. मी उठलो, तांब्या भरून पाणी नेऊन दिलं. तो घाबरला. 'बाबा, तब्येत बरी आहे ना?'