तुरीच्या तासांतली अंबाडी

मु. बोरगव्हाण, ता. वणी, जि. यवतमाळ
१० नोव्हेंबर २०२४

चि. अक्षय यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. तुझं ठीक आहे असं समजूनच लिहायला बसले आहे.

तुझ्या त्या डोंगरात फोन लागत नाही, म्हणून पुन्हा कागद-पेन हाती घेतलं. तुझी भाची निकिता या कागदाचा फोटो काढून पाठवील. तू शनिवारी खाली गावात उतरलास की वाच. आई, टाइपच करून टाक, असं ती म्हणत होती. मी म्हटलं, पंचवीस वर्षं अंगणवाडीची रजिस्टरं हातानं लिहिली, मामाला पत्रही हातानंच जाईल.

कापसाचा पहिला वेचा झाला. तुझ्या भाऊजींचा गुडघा धड नाही, पण शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, खुर्ची टाकून हुकूम सोडणं जोरात चालू आहे. वेचणाऱ्या बायांनी काल त्यांना सांगितलं की किसनराव, तुम्ही घरी बसले तर कापूस लवकर निघते. दिवसभर फुगून बसले होते.

तुझ्या चार एकरातली तूर डोक्याच्या वर गेली आहे. हॉस्टेलवरचा तुझा दोस्त पियुष, त्यानं ठेक्यानं घेतलं तेव्हा मला वाटलं होतं, वणीत ट्रक चालवणारा माणूस शेती काय करील? पण यंदा पीक पाहण्यासारखं आहे. रानडुकरांसाठी म्हणून त्यानं चारी बाजूंनी हिरवी जाळी मारली आहे. स्वतः गाडीतून येतो नि जातो, आपल्या घरी चहाला म्हणून थांबत नाही. ओलीत करायला, पिकाला पाणी द्यायला, तांड्यावरची सुखीबाई ठेवली आहे.

परवा सुखीबाई पदरात पानं घेऊन माझ्याकडे आली. तुरीच्या तासांमधे, दोन ओळींच्या मधे, हे उभं आहे, बाई, हे अंबाडीच हाय न, काटे काहून नाही मंग, असं विचारत होती. माझा चष्मा घरी, हात कापसात. मी लांबूनच बघितलं नि म्हटलं, अंबाडीच हो, हायब्रीड असेल. माझा शब्द म्हणजे तिला सरकारी शिक्का. निश्चिंत होऊन गेली. भाजीसाठी थोडी पानं मला देऊन गेली होती. धुताना एक चावून पाहिलं तर आंबटपणा नावाला नाही, उलट कडवट, आणि बोटं चिकट झाली. उकिरड्यावर टाकून दिली. तुम्ही कृषीवाले एकेका भाजीची चव घालवून बसलात, बघ.

थंडी पडू लागली आहे, स्वेटर घालत जा. ताईची आठवण ठेव, ती इकडे तुझी ठेवतेच.
तुझी,
कोकिळाताई


कोलंबिया
१६ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि. भाऊजींनाही नमस्कार.

तुझं पत्र बाजारातल्या चहाच्या टपरीसारख्या एका दुकानात उभ्यानं वाचलं. एरवी तुझी पत्रं मी दोनदा वाचतो, हे चारदा वाचलं. ताई, ती अंबाडी नाही. पान अंबाडीसारखंच पंजाचं, पण देठाला काटे नाहीत, चव कडू, हाताला चीक. गांजा आहे तो.

घाबरू नकोस. पण मी सांगतो ते नीट ऐक.

मी इथे काय करतो ते तुला कधी धड सांगितलं नाही. चॉकलेट होतं ते कोकोचं झाड लावायला शिकवतो, एवढंच तुला माहीत. इथले शेतकरी कोका नावाचं झुडूप लावतात. त्याच्या पानांपासून कोकेन होतं. केळी खाली नेईपर्यंत सडतात, कोकाची पानं मात्र घ्यायला माणूस दारात येतो. तो माणूस बंदूक घेऊन येतो, आणि पुढच्या वर्षी काय पेरायचं तेही तोच ठरवतो. माल समुद्रापार जातो, तिकडे त्याच्यावर बंगले उभे राहतात. इथे उरतो तो पानं भिजवलेल्या रॉकेलचा वास आलेला ओढा, बंद पडलेली शाळा, आणि ज्यांतला पोरगा एक दिवस कोणाबरोबर गेला तो परतलाच नाही अशी घरं. मागे सरकारनं विमानातून औषध फवारलं, तेव्हा कोकाबरोबर मकाही जळला. लुस मेरी नावाची तुझ्याच वयाची एक बाई आहे, तिनं त्या मक्याची दोन कणसं माळ्यावर अजून जपून ठेवली आहेत, मला काढून दाखवली. काळी ठिक्कर. अशा बायांना मी सभेत सांगतो, उपटा, मी आहे, घाबरू नका.

आता तुझ्यासाठी. त्या शेतात पाय ठेवू नकोस. कोणाला काही बोलू नकोस, भाऊजींनाही नाही. पियुषचं नाव तोंडातून काढू नकोस. मी त्याच्याशी बोलतो. तूर निघेपर्यंत गप्प राहा, महिन्याभराचा प्रश्न आहे. ही माणसं चांगली नसतात, ताई, तुला काही झालं तर मी इथून काय करणार?

हे पत्र निकिताला फोनमधून काढून टाकायला सांग, तिलाही गप्प राहायला बजाव. काळजीत लिहिलं आहे, तुटक वाटलं तर पदरात घे.
तुझा,
अक्षय


मु. बोरगव्हाण
४ डिसेंबर २०२४

चि. अक्षय यास,
आशीर्वाद. या वेळी इकडे सगळं ठीक आहे असं लिहिता येत नाही.

रविवारी सकाळी पोलिसांच्या तीन गाड्या आल्या. कोणीतरी खबर दिली होती. वरून ड्रोन फिरवला, जाळी कापली, तुरीतून झाडं उपटून धुऱ्यावर रचली. गावच्या उकिरड्यापेक्षा मोठा ढीग झाला. पियुष नव्हता. त्याची माणसं नव्हती. शेतात एकटी सुखीबाई होती, हातात फावडं, पाय चिखलात.

तिला धरलं. ती रडली नाही. साहेबाला सांगत होती की कोकिळाबाईनं अंबाडी म्हनलं, मनून मी पानी देल्लं, मले काय मालूम. साहेब हसला. म्हणाला, एवढी अंबाडी कोणाच्या भाजीला? मी तिथून दहा पावलांवर उभी होते, अक्षय. तिनं माझ्याकडे बघितलं. मी बोलेन म्हणून वाट पाहिली. आणि मी बोलले नाही. तू गप्प राहा म्हणून लिहिलं होतंस, मी गप्प राहिले. आयुष्यात तुझं एवढं कधी ऐकलं नव्हतं.

दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. मग भाऊजींना सगळं सांगितलं. ते म्हणाले, कायले लपवून राह्यली एवढे दिवस, चाल. गुडघा ओढत ठाण्यावर माझ्याबरोबर आले. मी बयान दिलं की अंबाडी मीच म्हटलं होतं, तिनं माझ्यावर भरवसा ठेवला. त्यांनी लिहून घेतलं. मग विचारलं, शेत कोणाचं? म्हटलं, भावाचं. ठेक्यानं कोणाला दिलं? आणि इथे माझी जीभ पुन्हा अडकली. भावाला विचारून सांगते, म्हटलं.

कागद नाही. तू फोनवर दिलेस, त्यानं फोनवर घेतलं. सातबारावर तुझं नाव. गावाला सगळं माहीत आहे, पण विचारलं की प्रत्येकजण आभाळाकडे बघतो. पियुषचा फोन बंद. त्यानं तुला काय काय लिहिलं ते तुझ्या फोनमध्ये आहे. सुखीबाईच्या मालकाचं नाव पुराव्यानिशी सांगू शकेल असा माणूस एकच, तो तू.

तिच्या तीन शेळ्या मी आपल्या अंगणात आणून बांधल्या आहेत. रात्रभर ओरडतात. तिथल्या बायांना उपटा म्हणतोस, मी आहे म्हणतोस. मला मात्र लिहिलंस, गप्प राहा. आई गेली तेव्हा तू सात वर्षांचा होतास, तेव्हापासून मी तुला वाढवलं. असं शिकवलं होतं का मी?

रागाने लिहिते आहे, पण राग तुझ्यापेक्षा माझ्यावर जास्त आहे. उत्तर लगेच दे.
कोकिळाताई


कोलंबिया
१४ डिसेंबर २०२४

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार. समोर असतो तर पाय धरले असते.

मी तुझ्याशी खोटं बोललो. जूनमध्ये पियुषनं गावातल्या दराच्या दुप्पट ठेका कबूल केला. मी विचारलं, तुरीत एवढं काय मिळणार तुला? त्यानं लिहिलं, पैसे घे अन् गप्प बस ना बे, कायले विचारतं. मी खरंच गप्प बसलो. शेतीशास्त्र शिकलेला माणूस मी, मला हिशोब लागत नव्हता असं नाही. लावला नाही.

तुझं अंबाडीचं पत्र आल्यावर त्याला फोन केला तेव्हा तो सरळ म्हणाला, सातबारावर माझं नाव नाही, तुझं आहे. त्या रात्री मी तुला लिहिलं की तुझ्या जिवाची काळजी वाटते. वाटत होती, पण आधी माझी वाटली. केस झाली तर इथलं काम जाणार, पासपोर्ट अडकणार, तुरुंगही होईल. चाळीशीला आलेला माणूस बहिणीच्या पदराआड लपला, आणि तू माझ्यापायी त्या बाईसमोर मुकी झालीस.

मागच्या आठवड्यात सभेत लुस मेरीनं विचारलं, तुमच्या देशात असलं काही पिकतं का? मी म्हटलं, आमच्याकडे कापूस पिकतो. सगळ्या बाया माझ्याकडे विश्वासानं बघत होत्या. काल तिच्या घरी जाऊन खरं सांगितलं. ती म्हणाली की आमच्याकडेही पकडून नेतात ती पानं तोडणारी बाईच, मालकाचं घर कुठे आहे ते कोणालाच माहीत नसतं. तुला तर माहीत आहे, मग तू इथे काय करतो आहेस?

मी एकोणीस तारखेला निघतो. नागपूरहून घरी न येता आधी वणीच्या ठाण्यावर जाईन. पियुषचे सगळे मेसेज, ठेक्याचे पैसे आलेले, सगळं त्यांच्या हातात देईन. इथल्या साहेबांना सांगून टाकलं आहे. त्यांनी हस्तांदोलन केलं आणि किल्ल्या मागून घेतल्या.

मला न्यायला येऊ नकोस. पण ओरडायला ये. तुझ्या लोभाला मी लायक नाही, तरी तो काढून घेऊ नकोस.
तुझा,
अक्षय


मु. बोरगव्हाण
२० मार्च २०२५

चि. अक्षय किसन... असं लिहिता लिहिता थांबले. वडिलांच्या जागी भाऊजींचंच नाव घालत होते, इतकी वर्षं तुला पोरगा समजून. पुन्हा लिहिते.

चि. अक्षय यास,
जिल्हा कारागृह, यवतमाळ.
ताईचे पुष्कळ आशीर्वाद. हे पत्र तुझ्याआधी जेलरसाहेब वाचतील, त्यांनाही नमस्कार.

परवा भेटीत जाळीपलीकडून तुझं काही ऐकू आलं नाही, आजूबाजूला सगळेच ओरडत होते. म्हणून लिहिते. वकील म्हणतात, तू आपण होऊन आलास, मेसेज दिलेस, त्याचा उपयोग होईल. जामिनाची तारीख पुढच्या महिन्यात आहे. नक्की काही सांगत नाहीत. पियुषला हैद्राबादेकडे धरलं, त्याच्यावरचे आणखी मोठे कोण, ते अजून कोणाला माहीत नाही. निकितानं तुझ्या कोलंबियातल्या साहेबांना कळवलं. लुस मेरीनं कोकोच्या बिया पाठवल्या म्हणे, पण विमानतळावर अडवल्या. बघ, त्या बिया तेवढ्या सापडल्या त्यांना.

सुखीबाई गेल्या महिन्यात सुटून आली. एसटीतून उतरली ती थेट आपल्या अंगणात, शेळ्यांजवळ. मी पायाशी बसले तर मला उठवलं. म्हणाली, जाऊ द्या न बाई, तुमचा भाऊ आला मनून मी आली. तुझ्यासाठी डबा घेऊन यायचं म्हणत होती, बाहेरचं आत चालत नाही सांगितलं तेव्हा हिरमुसली. पण पूर्वीसारखी बोलत नाही. तांड्यावर तिला अजून गांजावाली म्हणतात, पोरंसोरंसुद्धा. तिच्या नातीची सोयरीक जवळपास ठरली होती, ती मोडली. ते मात्र तुला मला कोणाला भरून देता येणार नाही.

तुझं शेत सरकारी माणसं मोजून गेल्यापासून पडीकच आहे. आपल्या विहिरीजवळच्या धुऱ्यावर मी अंबाडीची एक ओळ लावली, घरच्या बियाण्याची. काल पहिली पानं खुडली. मी सुखीबाईपुढे धरली नि म्हटलं, घे, अंबाडी आहे. तिनं मान डोलावली, पान उलटंपालटं करून पाहिलं, आणि आधी चावून बघितलं, मगच पदरात घेतली.

जेवत जा. ताई आहे.
तुझी,
कोकिळाताई