रिक्षावरची दवंडी

ता. दारव्हा
१४ जानेवारी २०२५

चि. मैत्रेयी,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र मिळालं. इकडे ठीक. तुरीची सोंगणी चालू आहे. मामीचा गुडघा थंडीत जास्तच दुखतो. माझी भाची महागावला इतिहास शिकवते, हे मी अजूनही येईल त्याला सांगतो.

सत्तावीस तारखेच्या स्मृतिदिनाला तुझ्या शाळेतल्या मुलांपुढे ज्यूंच्या नरसंहारावर बोलायला बोलावलंस. घसा बसलाय, असं मी फोनवर सांगितलं. घसा ठणठणीत आहे.

तू आठवीत असताना माझं व्याख्यान ऐकलं होतंस. साठ लाख माणसं मारण्याची सुरुवात शब्दांनी झाली, असं मी गरजलो होतो. ज्यू लेकरं पळवतात, ही थाप युरोपात शेकडो वर्षं फिरत होती. नाझींनी ती पुन्हा छापून वाटली. तू ते वहीत उतरवून घेतलंस.

मागच्या महिन्यात आमच्याकडे मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा उठली. गावाबाहेर केसांच्या बदल्यात भांडी देणाऱ्या फिरस्त्यांची दोन पालं होती. सरपंच रामराव म्हणाले, "संघदीपभाऊ, तुमच्या आवाजात भोंग्याची रिक्षा फिरवू. तुमचं आयकते लोक." लसीकरणापासून जयंतीपर्यंत गावातल्या सगळ्या दवंड्या माझ्याच आवाजात असतात. कागदावर एवढंच होतं : अनोळखी माणसांपासून सावध राहा. मला ते मिळमिळीत वाटलं. मी पदरचं घातलं, "ज्यांना स्वतःचं गाव नाही, त्यांना दुसऱ्याच्या लेकराची काय माया? त्यांना दारात उभं करू नका. पाणीसुद्धा देऊ नका!"

पाणीसुद्धा. छप्पन साली धम्म घेतल्यावर याच गावानं तुझ्या आजोबांच्या घरचं दळण बंद केलं होतं. हेही मी भाषणात सांगत असतो.

बाजाराच्या दिवशी पोरांनी स्टँडवर त्या पालावरच्या रामलालला धरलं. त्याची बायको ममता लेकरू कडेवर घेऊन उभी होती. लेकरू तिच्याहून गोरं. "हे लेकरू तुहंच कशावरून? आधार दाखव!" एकजण मोबाइलवर माझी दवंडी वाजवत होता, बाकीचे मारत होते. रामलालचा हात मोडला.

तेव्हा मी कुठे होतो, ते लिहायचं टाळत आलोय. समोरच्या चहाच्या टपरीवर होतो. माइक बंद पडला तरी माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. त्या दिवशी "थांबा" एवढंही बोललो नाही. बोललो असतो, तर ममतानं आवाज ओळखला असता.

भाजी विकणारी इंदूबाई मध्ये घुसली. "मायच्या कडेवरच्या लेकराची पावती मांगता काय रे, मेल्याहो? तुमच्या मायनं दाखोली होती काय पावती?" दोघंतिघं हसले. हात खाली आले.

इंदूबाईला जर्मनी माहीत नाही. मग हा इतिहास शिकवायचा कशाला, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगून पाहिलं. सोयीचं होतं ते. पण तिनं थांबवला तो मार. रिक्षा थांबवायला, ही थाप आधी कुठे फिरली आणि कुठे पोचली हे माहीत असलेला माणूस हवा होता. गावात तसा एकच होता, आणि रिक्षात तोच बोलत होता. मी आकडे पाठ केले, टाळीच्या जागा पाठ केल्या. ते आपल्याबद्दलही असू शकतं, हे कधी मनावर घेतलं नाही.

तू शिकव. दवंडी तुझ्या फोनवर पाठवतोय. मुलांना आधी ती ऐकव, मग जर्मनीचं सांग. आदराच्या माणसाच्या तोंडून आलं तरी त्यांना ते ओळखता आलं पाहिजे.

मारहाणीच्या पोलिस तक्रारीत "अज्ञात इसम" एवढंच लिहिलंय. पत्र पेटीत टाकून मी ठाण्यात जातोय. तिथून, गावाबाहेरून उठून गेलेलं रामलालचं पाल शोधायला. मामीला अजून सांगितलेलं नाही.

एवढं वाचूनही बोलवावंसं वाटलं, तर येईन. भाषण करणार नाही. बाकावर बसेन, मुलं विचारतील त्याची उत्तरं देईन.

खाली "तुझा मामा" असं लिहायला हात धजत नाही. ठाण्यात जे नाव लिहून देणार, तेच लिहितो.

संघदीप उकंडा मनवर