सोनाळ्याच्या गढीचा दरवाजा

सोनाळा, ता. ११ फेब्रुवारी १९६२

चि. सौ. सोजरास रंगरावाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आम्ही खुशाल आहोत, फक्त घराला सध्या तोंड नाही. गढीचा सागवानी दरवाजा काढून तिथे सिमेंटचा पोर्च बांधतो आहे. जिल्हा परिषदेची निवडणूक येते आहे. तिकीट देणारे पुढारी जीपने येतील, ती दाराशी सावलीत नको का उभी राहायला? नागपूरच्या बंगल्यासारखे चार खांब घेतले आहेत. तुझी वहिनी म्हणते, खांब कायले, वर तं काहीच नाही. तिला बांधकामातलं कळत नाही. दरवाजा जळणात घालावा म्हणतो.

उकंडरावांना नमस्कार. मुलांना पापा. भावाची आठवण असू दे.

तुझा दादा

दुसरबीड, ता. २० फेब्रुवारी

ती. दादांस सोजराचा शि. सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. त्या दाराची कडी धरून मी उभं राहायला शिकले. चौकटीवरच्या मोराची चोच तुम्ही दगडाने उडवलीत आणि मार मी खाल्ला. जळणच हवं असेल तर तुराट्या पाठवते. दरवाजा मला द्या, इकडे येणाऱ्या सरकीच्या ट्रकात टाका. हे म्हणाले, आपलं घर दोन खोल्यांचं, हे दार लावशीन कुठं? मी म्हटलं, रस्त्याकडे लावू, घराचं मागून पाहू.

वहिनींना नमस्कार. राग आला तरी माया कमी करू नका.

तुमची सोजरा

सोनाळा, ता. ९ मे

चि. सौ. सोजरास अनेक आशीर्वाद. वि. वि.

पुढारी येऊन गेले. जीप गल्लीतच अडकली, पायी आले. पोर्च पाहून त्यांनी विचारलं, ही सोसायटीची कचेरी का? मग म्हणाले, गढीवाले रंगराव म्हणून ऐकलं होतं, गढी कुठाय? त्यांना जुन्या घराण्याचा माणूस हवा होता म्हणे. तिकीट दुसऱ्याला गेलं. पोर्च इतका तापतो की खाली कुत्रंही बसत नाही. चार दिवस जेवलो नाही. हे उकंडरावांना सांगू नकोस.

लोभ आहेच, तो या दिवसांत थोडा जास्त असावा.

तुझा दादा

दुसरबीड, ता. १७ मे

ती. दादांस शि. सा. न. वि. वि.

कसं लिहू कळत नाही. तेच पुढारी इथे चहाला थांबले. तुम्ही ट्रकातून पाठवलेलं दार रस्त्याकडे लावलं आहे, ते पाहून जीपमधून खाली उतरले, चपला काढल्या. एवढं घराणं आमच्या ध्यानात कसं नाही आलं, म्हणाले. दारामागे हे शेळी बांधून राह्यले होते, तिकडे कोणी पाहिलंच नाही. इकडच्या जागेचं तिकीट यांना देऊ केलं. हे म्हणाले, मले कांद्याले पाणी द्याचं हाय, हिलेच द्या.

तुमची आठवण झाली, नाहीच म्हणणार होते. पण इथल्या पोरींची शाळा चौथीला संपते. मलाही चौथीतूनच घरी बसवलं होतं, तेव्हा कोणी विचारलं नाही. मी हो म्हणून टाकलं. तुम्हाला वाईट वाटेल ते वाटो, पण बोलणं सोडू नका.

तुमची सोजरा

सोनाळा, ता. २३ मे

सौ. सोजराबाईंस रंगरावाचा नमस्कार. वि. वि.

दोन दिवस रागात गेले. तिसऱ्या दिवशी तुझी वहिनी म्हणाली, बहीण उभी राह्यली अन् तुम्ही बसून काऊन राह्यले? उद्याच्या एसटीने निघतो. भाषण तयार आहे, माझ्यासाठीच लिहिलं होतं. जिथे 'मी' होतं तिथे 'माझी बहीण' केलं आहे. मिशांचा उल्लेख दोनदा आला आहे, तो गाडीत खोडतो.

भेटीत सगळं बोलू. तोवर आशीर्वाद.

तुझा दादा