ताठ कण्याचं घराणं

प्रिय स्वप्नाली,

तेलगावात सगळं ठीक. कापूस निघाला, तुझ्या आईचा राग अजून निघायचाय. कारण सांगतो.

आपलं घराणं ताठ कण्याचं, हे तू लहानपणापासून ऐकत आलीस. माझा आजा म्हणे निजामाच्या तहसीलदारापुढेही वाकला नाही. मी सरपंचकीला उभा राहिलो, मारुतीला नारळ वाहताना वाकलो नाही, आणि "देवापुढं वाकंना, आपल्यापुढं काय वाकतंय बे" म्हणत गावानं मला पाडलं. तुझ्या लग्नात जावयाचे पाय धुतानाही मी उभ्यानंच तांब्या ओतला. अर्धं पाणी पायांवर, अर्धं तुझ्या सासूबाईंच्या पैठणीवर. तेव्हापासून तुझ्या सासरचं, आष्टीचं कुणी आपल्या उंबऱ्याला आलं नाही. खरं तर पाठ वाकतच नव्हती. पण 'वाकता येत नाही' म्हणण्यापेक्षा 'वाकत नाही' म्हणणं मला बरं वाटलं.

परवा मान वळेना, म्हणून तुझ्या नाथामामानं मला ओढतच संभाजीनगरच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. पाठीचा एक्स-रे फोटो बघून त्या म्हणाल्या, आप्पा, मणके चिकटून बांबूसारखे झालेत. रोगांपासून शरीराची राखण करणारी जी जनुकं असतात, त्यातलं बी-सत्तावीस नावाचं एक माझ्यात आहे. त्याच्यापायी राखणदार कधीकधी घरच्यांवरच काठी उगारतो. उत्तर ध्रुवाकडच्या काही लोकांत ते पुष्कळ, जपानात जवळजवळ नाहीच. मी म्हणालो, तरीच ते लोक दिवसभर वाकून रामराम करतात! बाई हसल्या. मग म्हणाल्या, हे पोरांतही उतरतं. उतरलं म्हणजे दुखणं होतंच असं नाही, पण झालं आणि तरुणपणी सापडलं, तर व्यायामानं, औषधानं कणा मोकळा राहतो.

घरी हे सांगितलं तर तुझी आई म्हणाली, "म्हंजी इतकी वर्सं मी ह्या मानसाचा ताठा सोसला, अन् हाय काय, तर मनक्याचं दुखनं!"

मागच्या महिन्यात तीच तुझ्याकडून आली तेव्हा सांगत होती, की पहाटे तू भिंतीला धरून उठतेस, कामाला लागलीस की मोकळी होतेस. सकाळी पाया पडत नाहीस म्हणून सासूबाई म्हणतात, "बापाचाच ताठा!" तेव्हा मी मिशीत हसलो होतो, पोरी. आता हसू येत नाही. सोमवारी नाथा गाडी घेऊन येईल. कामाचं निमित्त सांगू नकोस, तपासून घे. सासूबाईंना हे पत्र वाचून दाखव. आणि नीट वाकता आलं की त्यांच्या दोनदा पाया पड. एकदा तुझ्यातर्फे, एकदा माझ्यातर्फे. लग्नातलं राहिलंय.

तुझाच, बांबूसारखा उभा,
आप्पा