चार मेची दोन मिनिटं

वेस्टलँड, २६ एप्रिल

प्रिय वेसल,

खुशाल असशील अशी आशा. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे कागदावर. पाकिटावरचा पत्ता मुद्दाम शेजारणीकडून लिहून घेतलाय. माझं अक्षर बघून तू ते न फोडताच कचऱ्यात टाकलं असतंस, ओळखते मी तुला.

इकडे सगळं नेहमीसारखं. उद्या राजाचा वाढदिवस, गल्लीभर नारिंगी पताका लागल्यात. काचघरात शेवंती जोरात आहे. बाबा ठीक आहेत.

बातमी अशी की तुझ्या प्रोग्रामला अखेर माणसं मिळाली. तू गेल्यापासून आपल्या फूलवाल्यांच्या संघाची, तू लिहिलेली वेबसाइट देवाच्या भरवशावर चालली होती. गेल्या मातृदिनाला ऑर्डरींच्या गर्दीत ती आडवी झाली, आणि आपल्या लोकांची ताजी फुलं गाडीत तशीच पडून राहिली. मग संघानं ठरवलं, बाहेरच्या कंपनीचे मुरलेले इंजिनिअर घ्यायचे आणि नवीन वेबसाइट लिहून घ्यायची. निवड माझ्या गळ्यात पडली. मला त्यातलं काय कळतंय, पण पडली खरी.

बरेच जण स्क्रीनवर भेटले. जो तो म्हणे, जुनं फेकून देऊ, उन्हाळ्याच्या आत नवं देतो. मग एक देसांका नावाची बाई आली, सर्बियातल्या नोवी साद गावची, केस पांढरे, समोर कॉफीचा कप. तिनं मलाच विचारलं, "जुनं ज्यानं लिहिलं, तो भेटेल का?"

मी म्हटलं, "नाही."

"वारला?"

"नाही हो, रागावलाय."

"मग आशा आहे," म्हणाली. तिला आणि तिच्या दोन सहकाऱ्यांना मी त्याच दिवशी घेतलं.

पहिले काही आठवडे त्यांनी एक ओळ लिहिली नाही. नुसतं तुझं वाचत बसले. आपले खजिनदार बारेंडकाका तणतणले, "वाचायचा पगार देतोय होय आपण? वाचायला मी पण बसलो असतो, चष्मा आहे माझ्याकडे." मलाही धाकधूक होती. पण एके दिवशी देसांका मला म्हणाली, "हा माणूस फोनवर बोलणी खाल्लेला दिसतो. चूक झाली की ह्याचा प्रोग्राम गिऱ्हाइकाशी किती गोड बोलतो बघा." वेसल, मी चाटच पडले. तुझा फोटोसुद्धा न पाहिलेली बाई ती. तुझी नस तिनं बरोबर पकडली होती.

त्यांची कामाची रीत मला फार आवडली. नवं तयार झालं तरी ते लावायचं नाही. मागच्या वर्षांच्या सगळ्या ऑर्डरी जुन्यातूनही सोडायच्या आणि नव्यातूनही, आणि दोन्हींकडून एकच उत्तर येतं का ते ताडून बघायचं. आलं. सगळीकडे तंतोतंत एकच आलं, फक्त दर वर्षी एका संध्याकाळी फरक पडत होता.

"चार मेला रात्री आठ वाजता तुमच्याकडे काय बंद पडतं?" तिनं विचारलं. "जुना प्रोग्राम दोन मिनिटं एकही ऑर्डर घेत नाही. ब्रेमेनच्या दुकानाची नाही, अँटवर्पची नाही, कुणाचीच नाही. मग पुन्हा सुरू."

ब्रेमेनवाल्याची तक्रार मला आठवली. तो दर मे महिन्यात कुरकुरतो. मी म्हटलं, "मशीन जुनं झालंय, दमत असेल."

"दमलेलं मशीन कधीही बसेल. हे वेळ बघून बसतं. हे कुणीतरी मुद्दाम लिहिलंय, अगदी पहिल्या वर्षापासून."

 मग मी तिला सांगितलं, की त्या वेळी आमचा अख्खा देश महायुद्धात गेलेल्यांसाठी दोन मिनिटं स्तब्ध उभा राहतो, गाड्यासुद्धा थांबतात. आणि आमच्या आजोबांना जर्मन शिपायांनी कालव्याच्या पुलापाशी गोळी घातली, तेव्हा आमचे बाबा चार वर्षांचे होते. देसांकानं कॉफीचा कप बाजूला ठेवला. मग म्हणाली, "हे ठेवायचं की काढायचं, मी ठरवणार नाही. तुमच्यापैकी कुणीतरी सांगा."

आता जे टाळत होते ते लिहिते. बाबा ठीक आहेत असं वर लिहिलंय, ते खरं नाही. हिवाळ्यात पडले. तेव्हापासून पाय साथ देत नाहीत, आणि डॉक्टर माझ्याशी फार हळू आवाजात बोलतात.

तीन वर्षांपूर्वी चार मेला आम्ही सगळे अंगणात उभे होतो आणि तू आत कॉम्प्युटरसमोर बसून होतास. आठ वाजून गेल्यावर बाबा आत येऊन तुला काय बोलले, ते मी ऐकलंय. "दोन मिनिटंही जड झाली तुला? ज्याला पितर नाहीत त्याला घर तरी कशाला?" तू एक शब्द न बोलता कोट घेऊन निघून गेलास. अरे, सांगायचं तरी होतंस. तू आत बसून तुझा प्रोग्राम थांबतोय की नाही ते बघत होतास ना? आम्ही पाचजण अंगणात उभे होतो आणि तू अख्खा बाजार उभा केला होतास. मला हे कळल्यापासून मी त्या प्रोग्रामकडे बघते आणि माझे हात जोडले जातात.

काल कॉफीच्या वेळी मी बाबांना सगळं सांगितलं. बिस्किट कपात विरघळून गेलं तरी ते हलले नाहीत. मग विचारलं, "परदेशातल्यांनाही थांबवतो?"

"हो, बाबा."

"ब्रेमेनच्या जर्मनालासुद्धा?"

"त्यालासुद्धा. दर वर्षी."

ते हसायला लागले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले आणि रुमाल काही सापडेना. शेवटी बाहीनंच डोळे पुसून म्हणाले, "त्या बाईला सांग, नव्यात पण लिही. एक सेकंद कमी नको."

देसांकानं लिहिलंय. ती म्हणते, जुना प्रोग्राम चार तारखेची दोन मिनिटं पाळून मगच बंद करायचा, आणि ज्यानं लिहिला त्यानंच करायचा, ती हात लावणार नाही. बारेंडकाकासुद्धा यावर काही बोलले नाहीत, म्हणजे बघ.

बाबा तुझी माफी मागतील असं मला वाटत नाही. त्यांना ते जमत नाही, तुलाही जमत नाही, तुम्ही दोघे एकाच मातीचे. त्यांनी एवढंच लिहायला सांगितलंय: "चार तारखेला मी अंगणात उभा राहणार, खुर्चीत बसणार नाही. काठी नको. उजवीकडून धरायला माणूस लागेल."

डावीकडे मी आहेच.

तुझी बहीण,
अलाइड